ड्रायरचं तीन खाचांचं आउटलेट काढून चार खाचांचं बसवलं : कामाच्या नोंदी

घर अमेरिकेतलं, १९६४ सालचं. ब्रेकरचं पॅनल तळघरात, कपडे धुण्याची खोली त्याच्या वरच्या मजल्यावर. तळघराला छत नाही, वरचे जॉइस्ट, म्हणजे मजल्याखालच्या लाकडी तुळया, उघडेच दिसतात. हेच काम कुणी करणार असेल तर माझे वाया गेलेले दिवस वाचावेत म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवलं.

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आई सकाळी म्हणाली, "अरे, ड्रायरला करंट येतोय." ड्रायर चालू होता, ती शेजारच्या वॉशरमधून ओले कपडे काढत होती. एक हात वॉशरच्या कडेवर होता, दुसरा ड्रायरवर टेकला आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. आधीही दोनदा असं झालं होतं, पण तिला वाटलं हात अवघडला असेल.

मल्टिमीटरची एक तार वॉशरच्या उघड्या स्क्रूवर धरली, दुसरी ड्रायरच्या पत्र्यावर. ड्रायर बंद असताना शून्य. चालू केल्यावर आकडा नाचायला लागला. कधी ६ व्होल्ट, कधी २३.

ब्रेकर पाडला, आउटलेटमध्ये वीज नाही याची मीटरने खात्री केली, मग झाकण उघडलं. इंग्रजी एल अक्षरासारखी खाच असते ती न्यूट्रलची. तिचा स्क्रू सैल होता, पांढऱ्या तारेचं आवरण तपकिरी पडलं होतं आणि मागचं प्लॅस्टिक करपलं होतं. दोन्ही फेजचे स्क्रू घट्ट होते.

जुन्या तीन खाचांच्या आउटलेटमध्ये दोन फेज आणि एक न्यूट्रल एवढंच असतं. ग्राउंडची, म्हणजे आपण जिला अर्थिंग म्हणतो ती, तार नसते. म्हणून ड्रायरचा पत्रा आतून न्यूट्रललाच जोडलेला असतो. कपडे तापवणारी कॉइल दोन फेजमध्ये २४० व्होल्टवर चालते, पण मोटर आणि आतला दिवा १२० वर, आणि त्यांचा करंट न्यूट्रलमधून परत जातो. तो स्क्रू सैल झाला की तिथे जेवढे व्होल्ट अडतात, तेवढे पत्र्यावर येतात. स्क्रू पूर्ण सुटला असता तर मोटरच्या वाइंडिंगमधून पत्र्यावर १२० आले असते. ओले हात, शेजारी ग्राउंड असलेला वॉशर. दुपारभर दुसरं काही सुचलं नाही.

ब्रेकर पाडून त्यावर चिकटपट्टी लावली. काम संपेपर्यंत कपडे तळघरात दोरीवर.

१३ ऑक्टोबर, रविवार

मला वाटलं होतं की नवं चार खाचांचं आउटलेट आणायचं, ड्रायरची कॉर्ड बदलायची, दोन तासांत मोकळं. म्हणून काल संध्याकाळीच १४ डॉलरचं आउटलेट घेऊन आलो.

आज बॉक्समधून केबल पुढे ओढली तर आत काळी, लाल आणि पांढरी, एवढ्याच तारा. ग्राउंड नाही. बॉक्स लोखंडी आहे, पण त्यालाही मागून काही जोडलेलं नाही. चौथी खाच जोडायची कशाला?

इथे एक मोह होतो. आउटलेटच्या मागे न्यूट्रलच्या स्क्रूवरून ग्राउंडच्या स्क्रूला छोटी तार टाकायची, बाहेरून चार खाचा दिसतात. हे करू नका. आईला बसला तोच शॉक परत बसेल, वर पुढच्या माणसाला वाटेल की इथे ग्राउंड आहे. जुनं आउटलेट निदान खोटं बोलत नव्हतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत कोडने १९९६ मध्ये नव्या सर्किटसाठी ही तीन तारांची पद्धत बंद केली. आधीची सर्किटं आहेत तशी चालतात, म्हणजे आमचं बेकायदा नव्हतं. नुसती ग्राउंडची तार वेगळी ओढायचीही सोय आहे. पण केबल ६० वर्षांची, तिचं टोक भाजलेलं, आणि ग्राउंडची एक तार ओढायला जेवढी भोकं लागतील तेवढ्यातच पूर्ण नवी केबल जाते. नवी केबल ओढायचं ठरवलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

काउंटीच्या ऑफिसात परमिट काढलं, ८५ डॉलर. स्वतः राहत असलेल्या घरात मालकाला हे काम करायला आमच्याकडे परवानगी आहे. सगळीकडे नसते, आधी विचारा. तपासण्या दोन. पहिली भिंत बंद करण्यापूर्वी, दुसरी सगळं जोडून झाल्यावर.

खिडकीवरच्या बाईंनी एक गोष्ट न विचारता सांगितली, त्यांचे उपकार. इथे २०२० चा कोड लागू आहे आणि त्यात कपडे धुण्याच्या जागेतल्या २४० व्होल्टच्या आउटलेटलाही जीएफसीआय, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारं, संरक्षण लागतं. म्हणजे साधा ३० अँपिअरचा ब्रेकर चालणार नाही, दोन पोलचा जीएफसीआय ब्रेकर हवा. जाणारा आणि परत येणारा करंट यांत साधारण ५ मिलिअँपिअरचा फरक पडला की तो पडतो.

दुकानात तो १३८ डॉलरला होता, पण आमच्या पॅनलच्या कंपनीचा नव्हता. खाचेत बसला असता. पॅनलच्या दारावर आतून कागद असतो, त्यात कुठले ब्रेकर चालतात ते छापलेलं असतं. त्यात तो नव्हता, म्हणून घेतला नाही. योग्य कंपनीचा मागवला, किंमत तेवढीच, यायला नऊ दिवस.

केबल १०/३, म्हणजे १० नंबरच्या तीन तारा, शिवाय ग्राउंड. १० नंबरची तांब्याची तार ३० अँपिअरला लागते. या जाडीच्या केबलचं बाहेरचं आवरण नारिंगी असतं, त्यामुळे दुकानात आणि भिंतीत लांबूनही ओळखू येते. टेपने पॅनलपासून आउटलेटपर्यंत तिरकं अंतर मोजलं, थोडी वाढ धरली आणि ४० फूट कापून आणली. फुटाला २.९५, म्हणजे ११८ डॉलर.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी वरची भिंत कापली. ड्रायर पुढे ओढून, जुन्या आउटलेटपासून खाली जमिनीपर्यंत हातभर रुंदीची पट्टी काढली. भिंतीच्या तळच्या लाकडातून तळघरात उतरायला भोक हवं होतं. नेमकी जागा कळावी म्हणून आधी वरून बारीक लांब ड्रिल घातलं आणि खाली जाऊन टोक शोधलं. ते जॉइस्टच्या अगदी कडेला निघालं. दोन इंच सरकून परत केलं. थेट मोठं ड्रिल घातलं असतं तर जॉइस्ट चिरला असता.

नंतरचं काम भराभर झालं, आणि तिथेच घोटाळा झाला. केबल पॅनलपासून तिरकी नेत जॉइस्टच्या खालच्या कडांवर स्टेपल मारत गेलो. चारपर्यंत केबल वर पोचली. दिसायलाही सरळ.

संध्याकाळी शेजारचे काका आले. आयुष्यभर इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. वर बघून त्यांनी एवढंच विचारलं, "हिच्यावर कुणी कपड्यांचा हँगर अडकवला तर?" मी वर बघितलं. आमची कपड्यांची दोरी त्याच जॉइस्टना बांधलेली होती.

छत नसलेल्या तळघरात या जाडीची केबल जॉइस्टच्या खालच्या कडेवर आडवी मारता येत नाही. जॉइस्टमध्ये भोकं पाडून आतून न्यायची, नाहीतर आधी फळी ठोकून तिच्यावरून. ८/३ किंवा त्याहून जाड केबलला खालून मारायची मुभा आहे (नंबर जेवढा लहान, तेवढी तार जाड). १०/३ तिच्यापेक्षा बारीक.

स्टेपल काढायला दीड तास. दोन ठिकाणी पक्कड घसरून आवरणाला खोल चरा पडला.

२० ऑक्टोबर, रविवार

आज भोकं. एकूण १८ जॉइस्ट. भोक पाऊण इंचाचं, वरच्या आणि खालच्या कडेपासून किमान दोन इंच सोडून. मी सगळी मधोमध पाडली. साधं ड्रिल दोन जॉइस्टच्या मध्ये उभं राहत नाही. पहिली तीन भोकं तिरपी गेली, मग काटकोनी तोंडाचं ड्रिल भाड्याने आणलं. ते आधीच आणायला हवं होतं. त्याने उरलेली १५ भोकं तासाभरात झाली, आधीच्या तिघांना तेवढाच वेळ गेला होता.

भोकांतून केबल नेताना कळलं की ती पुरत नाही. आता तिरकं जाता येत नाही, आधी भिंतीलगत आणि मग काटकोनात. वर आठ-दहा फूट कमी पडली. मध्ये जंक्शन बॉक्स टाकून जोड देता येतो, कोडला चालतो. पण या घरात एका सैल जोडानेच काय केलं ते पाहिलं होतं. शिवाय दोन चरे पडलेलेच होते. परत दुकानात जाऊन ६० फूट कापून आणली, १७७ डॉलर. कापलेली केबल परत घेत नाहीत. केबल जाणार ती वाट आधी दोरीने चालून बघायची आणि मग मोजायची, हे मला ११८ डॉलरला कळलं.

नवी केबल ओढताना बायको वरून भरवत होती, मी खालून घेत होतो. एकट्याने ओढली तर भोकाच्या कडेला पीळ पडतो. पॅनलपासून आणि बॉक्सपासून १२ इंचांच्या आत एक स्टेपल, भिंतीलगत सरळ जाते तिथे साडेचार फुटांच्या आत एकेक. स्टेपल केबलला चिमटा घेईल इतका ठोकायचा नाही. मी दोन सैल करून परत मारले.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

संध्याकाळी फक्त बॉक्स. जुना लोखंडी बॉक्स चार इंच चौकोनी, दीड इंच खोल, केबल धरायला आतून पकड असलेला. ठेवायचा विचार होता, पण हिशोब केला. १० नंबरच्या प्रत्येक तारेला अडीच घन इंच. फेजच्या दोन आणि न्यूट्रलची एक मिळून तीन, ग्राउंड एक, आतली पकड एक. ड्रायरचं आउटलेट रुंद असल्याने ते चार तारांएवढं धरतात. नऊ गुणिले अडीच, साडेबावीस. बॉक्स २१ चा. दीड घन इंचाने हुकला.

९ डॉलरचा खोल बॉक्स आणला, सव्वादोन तासांत बसला. आतल्या तारा सात-आठ इंच ठेवल्या. नियम किमान सहा इंचांचा आहे, पण जाड तार दुमडताना जास्तीचा एक इंच फार कामी येतो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

पहिली तपासणी, वीस मिनिटं. जॉइस्टमधली भोकं पाहून इन्स्पेक्टर काही बोलले नाहीत, मला तेवढं पुरलं. एक दुरुस्ती सांगितली. भिंतीतल्या एका उभ्या लाकडात माझं भोक पुढच्या कडेपासून सव्वा इंचापेक्षा जवळ होतं. तिथे लोखंडी पट्टी ठोकायची, म्हणजे उद्या कुणी चित्र टांगायला खिळा मारला तर केबलमध्ये जाणार नाही. त्यांच्यासमोरच मारली आणि सही मिळाली.

ब्रेकरही आजच आला.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पॅनलचा दिवस. मेन ब्रेकर पाडला तरी वीज कंपनीच्या मीटरकडून येणाऱ्या जाड तारा आणि त्यांचे मेनवरचे स्क्रू जिवंतच राहतात. ते बंद करणं घरमालकाच्या हातात नसतं. तो भाग कुठे आहे ते ओळखता येत नसेल, तर एवढं काम लायसन्स असलेल्या माणसाकडून करून घ्या, बाकी सगळं स्वतः करा. मी माझा मल्टिमीटर आधी वीज चालू असलेल्या ठिकाणी लावून पाहिला, मग पॅनलमध्ये, मग परत चालू ठिकाणी. मीटरच बिघडलेला असेल तर त्याचं शून्य काही सांगत नाही.

जुना ब्रेकर आणि जुनी केबल काढली. नवा ब्रेकर त्याच दोन घरांत बसला. काळी आणि लाल ब्रेकरला, उघडी तांब्याची तार ग्राउंडच्या पट्टीवर. ब्रेकरला स्वतःची एक गुंडाळलेली पांढरी तार येते, ती न्यूट्रलच्या पट्टीवर. आणि केबलची पांढरीही मी त्याच पट्टीवर लावली. जुनी तिथेच होती, हात आपोआप तिकडे गेला.

वर आउटलेट जोडलं. पांढरी एलच्या खाचेला, काळी-लाल दोन सरळ खाचांना, उघडी तार हिरव्या स्क्रूला आणि बॉक्सलाही. स्क्रू टॉर्कच्या, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या, स्क्रूड्रायव्हरने आवळले, ५८ डॉलरचा आणला. किती आवळायचं ते आउटलेटवर आणि ब्रेकरवर छापलेलं असतं. आधी हाताने 'घट्ट' केले होते. टॉर्क लावल्यावर चारपैकी तीन स्क्रू अजून फिरले, एक तर जवळजवळ अर्धा आटा. जुन्या आउटलेटचा न्यूट्रलही कुणीतरी असाच हाताने घट्ट केला असणार.

मेन चालू. दोन सरळ खाचांत २४३ व्होल्ट. एकेका खाचेतून एलमध्ये १२१ आणि १२२. ग्राउंडकडेही तेच. एल आणि ग्राउंडमध्ये ०.१. ब्रेकरचं टेस्ट बटण दाबलं, पडला. सगळं बरोबर.

ड्रायरची नवी चार तारांची कॉर्ड, २७ डॉलर. रंग बघून जोडली. पांढरी मधल्या स्क्रूवर, काळी-लाल बाजूला, हिरवी पत्र्याच्या हिरव्या स्क्रूला. कॉर्ड आत शिरते तिथे ताण घेणारी पकड. प्लग लावला. ब्रेकर टिकला. कपडे टाकायला ड्रायरचं दार उघडलं आणि खाली तळघरात ब्रेकर पडला.

परत चालू केला. दार बंद, ठीक. दार उघडलं, पडला. अंधार होईपर्यंत मी ड्रायरमध्येच दोष शोधत होतो.

२७ ऑक्टोबर, रविवार

पहाटे जाग आली तेव्हा दिव्याचा विचार डोक्यात आला. दार उघडलं की आतला दिवा लागतो. दिवा १२० चा. म्हणजे न्यूट्रलमधून करंट सुरू झाला की ब्रेकर पडतो.

मेन पाडून पॅनल उघडलं. ब्रेकरवर न्यूट्रलसाठी एक स्क्रू आहे, तो रिकामा होता. केबलची पांढरी तार तिथे यायला हवी, पट्टीवर नाही. दिव्याचा करंट ब्रेकरमधून जात होता आणि परत येताना ब्रेकरला वळसा घालून थेट पट्टीवर उतरत होता. ब्रेकरच्या दृष्टीने तेवढा करंट बाहेर कुठेतरी गळत होता. काल आउटलेटवर सगळे आकडे बरोबर आले, कारण व्होल्ट मोजून ही चूक दिसतच नाही. पट्टी तीच, व्होल्ट तेच. टेस्ट बटणही फसवतं.

पांढरी तार ब्रेकरवर घेतली, टॉर्क लावला, मेन चालू केला. प्लग लावताक्षणी ब्रेकर पडला. आता तर दारही उघडलं नव्हतं.

खरं सांगतो, त्या वेळी साधा ब्रेकर घालून मोकळं व्हावं असं मनात आलं. ड्रायर चालला असता. शेजारच्या काकांना बोलावलं. त्यांनी ड्रायरला हातही लावला नाही. प्लग भिंतीतून काढून हातात दिला आणि म्हणाले, एलच्या दांड्यापासून गोल दांड्यापर्यंत ओहम मोज. एल न्यूट्रलचा, गोल ग्राउंडचा. दोघांत काही संबंध नको. मीटरने ०.२ ओहम दाखवले, म्हणजे दोन्ही जोडलेले.

मागचं झाकण परत उघडलं. न्यूट्रलच्या मधल्या स्क्रूखाली, माझ्या पांढऱ्या तारेच्या कड्याच्याही मागे, एक चपटी धातूची पट्टी होती. तिचं दुसरं टोक पत्र्याला. जुन्या तीन तारांच्या जोडणीत पत्र्याला न्यूट्रल देणारी पट्टी ती हीच. ज्या पट्टीमुळे आईला शॉक बसला, तिच्यावरच मी नवी कॉर्ड कसली होती. चार तारांची कॉर्ड लावताना ती काढायचीच असते. झाकणाच्या आतल्या कागदावर दोन्ही जोडण्यांची चित्रं होती. मी रंग पाहिले, चित्र पाहिलं नाही. काही ड्रायरमध्ये पट्टीऐवजी पांढरी किंवा हिरवी तार असते, ती आपापल्या चित्राप्रमाणे हलवायची.

न्यूट्रल आणि ग्राउंड यांनी एकत्र यायचं ते फक्त मेन पॅनलमध्ये. इथे ते ड्रायरमध्येही भेटत होते, त्यामुळे परतीचा करंट ग्राउंडच्या तारेतूनही वाट काढत होता. ब्रेकर आपलं काम करत होता. साधा ब्रेकर घातला असता तर ही पट्टी मला कधीच सापडली नसती आणि पत्रा न्यूट्रललाच चिकटलेला राहिला असता.

पट्टी काढली. परत मोजलं, आता दोघांत काही संबंध नाही. प्लग लावला, दार उघडलं, दिवा लागला, ब्रेकर टिकला.

रिकामा ड्रायर दहा मिनिटं चालवला, मग ओल्या टॉवेलांनी भरून पाऊण तास. तो चालू असताना वॉशरच्या स्क्रूपासून ड्रायरच्या पत्र्यापर्यंत परत मोजलं. शून्य. ढोल सुरू होतानाही शून्य. आईला मीटर दाखवला. तिने आकडा बघितला, पण हात लावायच्या आधी विचारलं, "नक्की ना?" मी आधी माझा लावला.

३० ऑक्टोबर, बुधवार

शेवटची तपासणी. इन्स्पेक्टरनी ब्रेकर पाडून पाहिला, आउटलेटवर मोजलं आणि पॅनलच्या यादीत 'ड्रायर' लिहिलंय का ते बघितलं. लिहिलं नव्हतं, पेन दिलं. ड्रायरमधली पट्टी काढली का, हे त्यांनीच विचारलं. काढलेली पट्टी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ड्रायरच्या मागे चिकटवली आहे, ती दाखवली.

खर्च : परमिट ८५, केबल दोन वेळची ११८ आणि १७७, ब्रेकर १३८, आउटलेट १४, बॉक्स ९, कॉर्ड २७, टॉर्क स्क्रूड्रायव्हर ५८. एकूण ६२६ डॉलर, ड्रिलचं भाडं वेगळं. दोन शनिवार-रविवार आणि तीन संध्याकाळी गेल्या. त्यातला निम्मा वेळ १९ तारखेचं काम उलटं करण्यात आणि २६ च्या रात्री ड्रायरमध्ये नसलेला दोष शोधण्यात.

९ नोव्हेंबर, शनिवार

दहा दिवस रोज वापर. ब्रेकर एकदाही पडला नाही. आज ब्रेकर बंद करून आउटलेटचं झाकण उघडून पाहिलं. तारांचा रंग बदललेला नाही, करपल्याचा वास नाही. पाऊण तास चालल्यावर प्लग जेमतेम कोमट लागतो.

तळघरातली दोरी जॉइस्टवरून काढून भिंतीतल्या हुकांना बांधली. भिंतीचा कापलेला तुकडा बसवला आहे, पुट्टी वाळायची आहे, रंग पुढच्या आठवड्यात.